तुमच्या वहीतली एकेक ओळ हवी आहे: मोजमापं घेणाऱ्या संशोधकांना खुलं पत्र

प्रिय क्षेत्रसंशोधकांनो,

सादर नमस्कार.

गेले तीन महिने माझ्या टेबलावर एक वही आहे. कापडी पुठ्ठ्याची, कडा ओलीने फुगलेल्या. ज्यांनी ती लिहिली ते संशोधक आता हयात नाहीत. घरच्यांनी कपाट आवरताना ती रद्दीत न घालता आमच्यापर्यंत पोचवली, हे आमचं भाग्य. आत झाडांच्या चारशेच्या वर पानांची मोजमापं आहेत: शास्त्रीय नाव, झाडाचा क्रमांक, पानाचं क्षेत्रफळ, वाळवल्यानंतरचं वजन. अक्षर इतकं नेटकं की सगळं संगणकावर उतरवून घ्यायला आठवडा पुरला. पण त्यातल्या एकसष्ट ओळींपुढे शिसपेन्सिलीने काढलेलं एक बारीक वर्तुळ आहे, आणि त्याचा अर्थ वहीत कुठेही लिहिलेला नाही. सावलीतलं पान? किडीने खाल्लेलं? दुसऱ्या दिवशी मोजलेलं? ज्यांना ठाऊक होतं त्यांना आता विचारता येत नाही.

त्या वर्तुळांमुळेच हे पत्र लिहायला बसले.

आधी माझी ओळख. मी रानात जाऊन मोजणाऱ्यांतली नाही. तुम्ही मोजलेलं मी वापरते. सजीवांच्या गुणधर्मांचे जे सामायिक संग्रह आज उपलब्ध आहेत, त्यांतून आकडे घ्यायचे, कुठे कोणत्या प्रजाती किती प्रमाणात आहेत याच्या नोंदींशी ते जोडायचे आणि एखादा जीवसमुदाय तसा का घडला हे शोधायचं, हे माझं काम. म्हणजे तुमच्या घामावर माझा अभ्यास उभा आहे. म्हणूनच मागणी करताना संकोच वाटतो, पण ती केल्याशिवाय राहवत नाही: तुमची मोजमापं सामायिक करा. लेखात छापलेली सरासरी आमच्यापर्यंत पोचते. मला हवी आहे ती त्यामागची ओळ. एक पान, एक पक्षी, एक मासा, आणि तो कुठे, कधी, कसा मोजला त्याची नोंद.

याचं एवढं महत्त्व का, ते जरा सविस्तर सांगते.

एका जागी एकत्र राहणाऱ्या प्रजातींचा अभ्यास पूर्वापार यादीने सुरू होतो. कोण आहे, किती आहे. यादीवाचून काहीच होत नाही. पण दोन वेगवेगळ्या खंडांवरची दोन गवताळ माळरानं घ्या. दोन्हीकडे पाऊस सारखाच कमी, दोन्हीकडे चरणारी जनावरं. तरी दोन्ही याद्यांत एकही नाव सामायिक नसू शकतं. निव्वळ नावांवर गेलात तर या दोन माळरानांना एकमेकांशी बोलताच येणार नाही. तेच तुम्ही विचारलंत की इथली झाडं किती उंच, पानं किती जाड, बिया किती जड, मुळं किती खोल, तर दोन्ही माळरानं एकाच भाषेत बोलू लागतात. गुणधर्म म्हणतात ते हेच: एकेका जिवावर मोजता येणारं, त्याच्या जगण्या-वाढण्याशी, प्रजननाशी संबंध असणारं वैशिष्ट्य.

यातलं माझं सगळ्यात आवडतं मोजमाप म्हणजे पानाच्या कोरड्या वजनाच्या मानाने त्याचं क्षेत्रफळ. सोप्या शब्दांत, वाळलेल्या एका किलोची पानं मुळात ताजी असताना शेजारी शेजारी पसरली असती, तर किती चौरस मीटर जागा व्यापली असती. पातळ, लवकर वाढणाऱ्या आणि लवकर गळणाऱ्या पानांचा आकडा मोठा येतो. जाड, चिवट, वर्षानुवर्षं टिकणाऱ्या पानांचा लहान. एका आकड्यात झाडाचा सगळा स्वभाव दिसतो: मिळालं की पटकन खर्च करून पुन्हा कमावणारं, की जपून वापरणारं.

आता हा आकडा समुदायाला कसा लावतात ते पाहा. समजा मोजणीसाठी जमिनीवर आखलेल्या एका चौकटीत तीन प्रजाती आहेत. पहिलीने ६० टक्के जमीन झाकली आहे, दुसरीने ३०, तिसरीने १०. त्यांच्या पानांचे आकडे अनुक्रमे १०, २० आणि ३०. प्रत्येकाचा वाटा धरून बेरीज केली तर ६ अधिक ६ अधिक ३, म्हणजे १५. हा त्या चौकटीचा भारित सरासरी गुणधर्म. पुढच्या वर्षी तिथे खत पडलं आणि वाटे उलटे झाले, पहिली १० टक्क्यांवर आणि तिसरी ६० वर गेली, तर तोच आकडा २५ होतो. यादीत एका नावाचाही फरक नाही, पण समुदायाचा स्वभाव पार पालटला. आता या चौकटीतला पालापाचोळा लवकर कुजेल, पोषकद्रव्यांचं चक्र वेगाने फिरेल. कोण आहे यापेक्षा काय चाललंय हे कळायला लागतं, ते इथे.

एवढं साधं गणित, पण त्याला तीन प्रजातींची तीन मोजमापं लागतात. चौकटीत साठ प्रजाती असतील तर साठ. हजार चौकटी असतील तर काही हजार प्रजातींची. हे कुणा एकाच्या हातून व्हायचं काम नाही. एका माणसाचं अख्खं आयुष्य खर्ची पडेल आणि तरी यादी अर्धीच राहील. म्हणून सामायिक संग्रह.

त्यांनी काय घडवलं हे तुम्हाला माहीत आहेच, पण तुमच्या वाट्याला हे कौतुक फारसं येत नाही, म्हणून मुद्दाम लिहिते. २००४ साली १७५ ठिकाणच्या २,५४८ वनस्पती प्रजातींच्या पानांची मोजमापं एकत्र आली आणि मघाशी सांगितलेला उधळ्या-जपणाऱ्या पानांचा पट जगभर एकच आहे, हे पहिल्यांदा स्वच्छ दिसलं. २००७ साली ‘ट्राय’ नावाचा वनस्पतींच्या गुणधर्मांचा संग्रह सुरू झाला. तो जर्मनीत येना इथल्या मॅक्स प्लँक जैवभूरसायनशास्त्र संस्थेत सांभाळला जातो. २०११ मध्ये त्यात सुमारे ३० लाख नोंदी होत्या. २०२० साली त्याचा पुढचा आढावा प्रसिद्ध झाला तेव्हा १ कोटी १८ लाख. २०१६ साली उंची, खोडाच्या लाकडाची घनता, पानाचा आकार, पानाचं क्षेत्रफळाच्या मानाने वजन, पानातला नायट्रोजन आणि बीचं वजन, असे सहा गुणधर्म ४६,०८५ प्रजातींसाठी गोळा झाले. त्यातून कळलं की वनस्पतींच्या रूपातलं जवळजवळ तीन चतुर्थांश वैविध्य दोनच अक्षांवर बसतं: एक आकाराचा, दुसरा पानाच्या काटकसरीचा. यातल्या प्रत्येक आकड्यामागे कुणीतरी गुडघाभर चिखलात उभं राहून पान तोडलेलं आहे.

पण याच कहाणीचा पुढचा भाग माझ्या मागणीचं खरं कारण आहे. २०१८ मध्ये ‘स्प्लॉट’ या प्रकल्पाने ११ लाखांहून जास्त वनस्पती-चौकटींच्या नोंदी आणि ट्रायमधले गुणधर्म एकत्र जोडून पाहिले. सगळ्यांची अपेक्षा अशी की हवामान आणि माती पाहून समुदायाचा स्वभाव सांगता येईल. निघालं भलतंच. जागतिक हवामान आणि मातीशी समुदायांच्या गुणधर्मांचं नातं क्षीण होतं. गुणधर्मांची जुळणी ठरते ती बरीचशी स्थानिक गोष्टींनी, असा त्यांचा निष्कर्ष: तिथली उलथापालथ, मातीतले बारीक फरक, प्रजातींनी आपसांत वाटून घेतलेली जागा, एकमेकांशी चाललेली स्पर्धा.

या निष्कर्षापाशी मी बराच काळ थांबले आहे. उत्तर जर स्थानिक असेल, तर मोजमापही स्थानिक हवं. आम्ही मात्र काय करतो? एका प्रजातीला अख्ख्या जगासाठी एक सरासरी आकडा लावतो. समुद्रकाठचं झाड आणि तीन हजार मीटर उंचीवरचं तेच झाड आमच्या तक्त्यात हुबेहूब सारखं. मग म्हणतो, स्थानिक फरक दिसत नाही. दिसेल कसा? तो आम्हीच आधी पुसून टाकलेला असतो.

हा फरक किरकोळही नाही. २०१५ साली जगभरातल्या वनस्पती समुदायांचे अभ्यास एकत्र करून हे मोजलं गेलं. एका समुदायाच्या आत गुणधर्मांत जेवढी विविधता दिसते, तिचा साधारण चौथा हिस्सा एकाच प्रजातीच्या वेगवेगळ्या झाडांमधल्या फरकाचा असतो. वेगवेगळ्या समुदायांची तुलना केली तर हा हिस्सा ३२ टक्क्यांच्या घरात जातो. सरासरी वापरतो तेव्हा आम्ही एवढं सगळं ओतून देतो.

प्राण्यांमध्ये याचं सर्वांत लख्ख उदाहरण गॅलापागोसमधल्या डॅफ्ने मेजर बेटावरचं. तिथे पीटर आणि रोझमेरी ग्रँट यांनी फिंच पक्ष्यांच्या पायांत वळी घालून एकेकाची चोच कॅलिपरने, म्हणजे दोन दाढांमध्ये धरून जाडी मोजणाऱ्या साधनाने, मोजून ठेवली होती. १९७७ साली मोठा दुष्काळ पडला. मऊ, बारीक बिया संपल्या, मागे राहिल्या त्या मोठ्या आणि टणक. बहुतेक पक्षी मेले. जे तगले त्यांच्या चोची जास्त जाड होत्या, आणि पुढच्या पिढीची सरासरी जाडी अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास वाढली. प्रजाती तीच, बेट तेच, काळ दोन-तीन वर्षांचा. दुष्काळाआधी त्यांनी नुसती सरासरी लिहून वही मिटली असती, तर कोण तगलं आणि कोण मेलं हे कधीच कळलं नसतं. एकेका पक्ष्याची ओळ होती म्हणून डोळ्यांदेखत चाललेली निसर्गाची निवड पकडता आली. आणि अर्धा मिलिमीटर म्हणजे किती? तुमच्या कॅलिपरच्या दोन दाढा जेमतेम उघडतील एवढं.

म्हणून सरासरी नको, ओळ द्या. आणि ओळीबरोबर ती कशी मोजली तेही द्या.

इथे मी जरा तपशिलात शिरते, कारण आमचे दिवसच्या दिवस यातच जातात. मघाचंच पानाचं मोजमाप घ्या. तुम्ही देठासकट मोजलं की देठ काढून? संयुक्त पान असेल तर अख्खं पान की एक पर्णिका? पान तोडल्यावर पाण्यात ठेवून ताजंतवानं करून स्कॅनरखाली ठेवलंत, की दुपारी मान टाकलेलं तसंच? की वनस्पतिसंग्रहात दाबून ठेवलेल्या वाळलेल्या नमुन्यावरून क्षेत्रफळ घेतलं? वाळलेलं पान आक्रसतं, आकडा लहान येतो. भट्टीत किती तापमानाला, किती तास? झाडाच्या शेंड्यावरचं उन्हातलं पान की खालच्या फांदीचं सावलीतलं? एकाच झाडाच्या या दोन पानांत कधी कधी दोन वेगळ्या प्रजातींइतकं अंतर असतं. कसं मोजावं याची प्रमाणित पुस्तिका २००३ सालापासून आहे, २०१३ मध्ये ती सुधारूनही निघाली. पण प्रत्येक ठिकाणी तिच्याबरहुकूम मोजणं शक्य नसतं, हे मला कळतं. कसंही मोजा, फक्त लिहून ठेवा. सावलीतलं पान चुकीचं नसतं. सावलीतलं आहे हे न सांगितलेलं पान चुकीचं ठरतं.

एककांचं तर विचारूच नका. एकदा एका प्रजातीचा आकडा मला १८० असा मिळाला. इतकं पातळ पान असूच शकत नाही. संपूर्ण दुपार गेली तेव्हा उमगलं की मूळ मोजमाप चौरस सेंटिमीटर दर ग्रॅम होतं, आणि मधल्या कुणीतरी रकान्याचं नाव बदलून चौरस मीटर दर किलो केलं, आकडे मात्र तसेच ठेवले. दोन्हींत दहापटीचा फरक. दहाने भागलं, १८ आला, पान जागेवर आलं. हा आकडा डोळ्यांवर आला कारण तो अशक्य होता. जे आकडे चुकीचे असूनही शक्य कोटीतले आहेत, ते आमच्या निष्कर्षांत मुकाट्याने बसलेले असतील. मूळ ओळ आणि मूळ एकक हाती असेल तरच ते सापडतील.

नावांचाही असाच घोळ. वर्गीकरण बदलतं, एकाच झाडाची तीन जुनी नावं तीन फायलींत असतात, किंवा दोन वेगळी झाडं एकाच जुन्या नावाखाली दडलेली असतात. तुम्ही त्या वेळी जे नाव लिहिलंत तेच तसंच असू द्या आणि कोणत्या ग्रंथावरून ओळखलं ते जोडा. नमुना एखाद्या संग्रहात जमा असेल तर त्याचा क्रमांक सोन्यासारखा. पुढे नावं कितीही बदलोत, तो क्रमांक झाडापर्यंत परत नेतो.

आता पोकळीबद्दल. सजीवांच्या गुणधर्मांबद्दलच्या आपल्या अज्ञानाला डॅनिश वनस्पतिशास्त्रज्ञ क्रिस्टन राउंकिएर यांच्यावरून नाव मिळालं आहे: राउंकिएर तूट. झाडं प्रतिकूल ऋतूत आपले अंकुर जमिनीपासून किती उंचीवर जपतात, यावरून त्यांनी वनस्पतींचे गट पाडले होते. ही तूट केवढी आहे? वर सांगितलेल्या ४६,०८५ प्रजातींपैकी सहाही गुणधर्म ज्यांचे मोजलेले होते अशा प्रजाती होत्या २,२१४. विसातली एक. बाकीच्यांच्या तक्त्यात कुठे ना कुठे भोक. मुळांची मोजमापं पानांच्या मानाने फारच थोडी, कारण खणायला कुणाला वेळ आणि निधी असतो? आणि जिथे प्रजाती सर्वांत जास्त, त्या उष्ण कटिबंधात मोजमापं तुलनेने विरळ.

ही भोकं बुजवण्याचे गणिती मार्ग आहेत. जवळच्या नातलग प्रजातीवरून आणि बाकीच्या गुणधर्मांवरून अंदाज बांधून रिकामा रकाना भरायचा. मीही ते करते. पण माझी भीती सांगते. भरलेला अंदाज पुढच्या फायलीत गेला की तो मोजलेल्या आकड्यासारखाच दिसतो. तिथून तिसऱ्या फायलीत जातो. दहा वर्षांनी कुणी तरी नातलग प्रजातींचे गुणधर्म सारखे असतात असा निष्कर्ष काढतो, आणि ते आकडे मुळात त्याच गृहीतकावरून भरलेले असतात. पक्षी आणि सस्तन प्राण्यांच्या ‘एल्टनट्रेट्स’ या २०१४ च्या संग्रहात आहाराची नोंद किती खात्रीची आहे हे सांगणारा वेगळा रकाना ठेवला आहे. इतकी साधी गोष्ट, आणि किती मोलाची. तुमच्याही फायलीत असा रकाना असू द्या: मोजलं, वाचून घेतलं, की अंदाजाने भरलं.

आता तुमची बाजू. मला ती माहीत आहे, कारण ज्यांना ज्यांना मी डेटा मागितला त्यांच्याकडून ऐकली आहे.

एका ज्येष्ठ संशोधिकेने मला सांगितलेलं वाक्य मनातून जात नाही. त्या म्हणाल्या, ‘‘बाई, सहा वर्षं मी त्या ओढ्यात उभी होते. तुझ्या लेखात माझं नाव पुरवणीच्या चौदाव्या पानावर आहे.’’ त्यांचं म्हणणं शंभर टक्के खरं होतं. दोनशे फायली वापरून आम्ही लेख लिहितो, नियतकालिकाला मुख्य संदर्भयादी आटोपशीर हवी असते, म्हणून मूळ मोजमापांचे संदर्भ पुरवणीत ढकलले जातात. आणि पुरवणीतले संदर्भ उद्धरणांच्या मोजणीत सहसा धरले जात नाहीत. म्हणजे ज्याने मोजलं त्याच्या खात्यात काहीच जमा होत नाही. हा अन्याय आम्ही केला आहे, आम्ही म्हणजे माझ्यासारखे वापरणारे. मी तेव्हा त्यांची माफी मागितली, आणि इथे जाहीरपणे पुन्हा मागते.

दुसरी भीती अशी की आपला लेख व्हायच्या आधी कुणीतरी आपल्याच आकड्यांवर लेख लिहून मोकळा होईल. पीएच.डी. करणाऱ्या मुलामुलींच्या बाबतीत ही भीती अगदी खरी आहे. त्यासाठी फाइल जमा करून ठराविक मुदतीपर्यंत बंद ठेवण्याची सोय असते, ती खुशाल वापरा. ट्राय संग्रहातही सुरुवातीला मोजमाप देणाऱ्याची परवानगी घ्यावी लागायची. २०१९ पासून तिथला डेटा मुख्यतः सर्वांना खुला झाला, फक्त मूळ स्रोताचा उल्लेख बंधनकारक. या बदलाला मधे बारा वर्षं गेली. विश्वास बसायला वेळ लागतो हे मला मान्य आहे.

तिसरा मुद्दा मला सर्वांत गंभीर वाटतो. काही प्रजाती इतक्या दुर्मीळ की त्यांचं नेमकं ठिकाण उघड केलं तर दुसऱ्या दिवशी चोर तिथे पोचतील. काही मोजमापं अशा लोकांच्या जमिनीवर, त्यांच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या माहितीच्या आधाराने झालेली की ती वाटण्याचा अधिकार एकट्या संशोधकाचा नाही. अशा वेळी ठिकाण ढोबळ करून द्या, किंवा त्या लोकांना विचारून, त्यांच्या अटींवर द्या, किंवा देऊ नका. माझी मागणी या मर्यादेच्या अलीकडची आहे.

पण खरं सांगू का, ज्यांनी मला नकार दिला त्यांच्यातल्या बहुतेकांचं कारण या तिघांपैकी एकही नव्हतं. ‘फाइल नीट लावलेली नाही’, ‘शोधावी लागेल’, ‘जुन्या संगणकात होती’. आणि इथेच काळ आपल्या विरोधात आहे. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात संशोधकांनी २ ते २२ वर्षं जुन्या ५१६ लेखांच्या लेखकांकडे मूळ डेटा मागून पाहिला. लेख जितका जुना, तितका डेटा शाबूत असण्याच्या शक्यतेचं प्रमाण कमी, आणि ही घट दरवर्षी १७ टक्क्यांची होती. लेखकाचा चालू ई-मेल पत्ता सापडण्याचं प्रमाणही दरसाल ७ टक्क्यांनी घटत होतं. यातलं फारच थोडं कुणी मुद्दाम लपवलेलं असेल. हार्ड डिस्क बंद पडते, माणूस निवृत्त होतो, विद्यार्थी दुसऱ्या क्षेत्रात जातो, फाइल उघडणारी प्रणालीच बाजारातून जाते.

जनुकक्रमांच्या बाबतीत हे सगळं केव्हाच मिटलं आहे. जनुकक्रमांचा खुला संग्रह असलेली जेनबँक १९८२ साली सुरू झाली आणि पुढे नियतकालिकांनी क्रम जमा केल्याशिवाय लेख घेणंच थांबवलं. आज कुणालाही ते जाचक वाटत नाही. परिस्थितिकी आणि उत्क्रांतीच्या काही प्रमुख नियतकालिकांनी २०११ पासून लेखामागचा डेटा जमा करण्याचं धोरण लागू केलं, त्याचा फायदाही झाला. पण तिथेही बऱ्याचदा जमा होतो तो लेखातल्या आलेखापुरता डेटा. प्रजातीमागे एक आकडा, पुढे अधिक-वजाचं चिन्ह. वहीतली ओळ वहीतच.

ओळ देता येते याचा पुरावा पक्ष्यांच्या अभ्यासकांनी दिला आहे. २०२२ साली ‘अ‍ॅव्होनेट’ हा संग्रह आला. त्यात ११,००९ पक्षी प्रजाती आहेत, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे ९०,०२० पक्ष्यांची एकेकट्याची मोजमापं आहेत. चोचीची लांबी, रुंदी, जाडी, पंख, शेपूट, पाय. जिवंत पकडून सोडलेले पक्षी आणि संग्रहालयातले नमुने, १८१ देशांतले. लेखाला शंभराहून जास्त सहलेखक. म्हणजे प्रत्येक ओळ ठेवूनही संग्रह उभा राहतो, आणि मोजणाऱ्याचं नावही पहिल्या पानावर येतं. मला कुणी विचारलं की नेमकं कसं हवं, तर मी या फायलीकडे बोट दाखवेन.

तेव्हा तुम्हाला काय करायला सांगते आहे? फार नाही. एका ओळीत एक जीव. प्रत्येक रकान्याच्या नावात एकक. ठिकाण, तारीख, मोजणाऱ्याचं नाव. एक स्वतंत्र कागद, त्यावर मोजण्याची पद्धत तुमच्या शब्दांत, मोडक्यातोडक्या का होईना. साधी मजकूर फाइल, जी वीस वर्षांनीही उघडेल. कायमस्वरूपी ओळखक्रमांक देणाऱ्या एखाद्या खुल्या संग्रहात ती जमा करा, म्हणजे तुमची फाइलच उद्धृत करता येईल. विचित्र वाटलेले आकडे काढून टाकू नका. पुढे शेरा लिहा आणि राहू द्या. तुम्हाला जो अपवाद वाटला, तोच कदाचित मी शोधत असेन.

आणि आमच्याकडून मी हे बांधून घेते. माझ्या इथून पुढच्या प्रत्येक लेखात वापरलेल्या प्रत्येक फायलीचा संदर्भ मुख्य यादीत असेल, आणि नियतकालिकाने नाही म्हटलं तर मी दुसरं नियतकालिक शोधेन. एखाद्या निष्कर्षाचा मोठा भार तुमच्या मोजमापांवर असेल तर लेख लिहून झाल्यावर नव्हे, प्रश्न ठरवतानाच तुम्हाला विचारेन. तुमच्या फायलीत चूक सापडली तर आधी तुम्हाला कळवेन. माझ्यासारख्या वापरणाऱ्यांनी हेच करावं, असा आग्रह मी माझ्या गटात धरला आहे आणि बाहेरही धरते आहे.

ज्यांच्या वह्या अजून कागदावरच आहेत, त्यांनी टंकलेखनाची काळजी करू नये. प्रत्येक पानाचा मोबाइलवर स्वच्छ फोटो काढा आणि जमा करा. उतरवून घ्यायला माझ्यासारखे हात आहेत. फक्त एक काम आम्हाला करता येणार नाही, ते तुम्हीच करायचं आहे. वहीच्या पहिल्या कोऱ्या पानावर तुम्ही वापरलेल्या खुणांचे अर्थ लिहा: फुली म्हणजे काय, दोन रेघा म्हणजे काय, कंसातला आकडा कशाचा, वर्तुळ कशाचं. आज संध्याकाळी वही हाताशी असेल तर आजच.

माझ्या टेबलावरच्या वहीतल्या एकसष्ट ओळी मी सध्या वेगळ्या काढून ठेवल्या आहेत. त्या आकड्यांची पानं बाकीच्यांपेक्षा थोडी पातळ आहेत. सावलीतली असतील असं मला वाटतं, पण तेवढ्यावर मी तसं लिहू शकत नाही. फायलीत त्यांच्यापुढे नवा रकाना केला आहे, ‘मूळ वहीत वर्तुळ’ असं नाव दिलं आहे आणि तो तसाच ठेवून फाइल जमा केली आहे.

आपली नम्र,
तुमच्या मोजमापांवर काम करणारी एक संशोधक